शुभ बोल नाऱ्या!

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा असताना मी पुढच्या-मागच्या चार जोडप्यांना एक साधा प्रश्न विचारला, "तुम्ही विल केलंय का हो?" एकाने मसालेभाताकडे बघत विषय बदलला. दुसरे म्हणाले, "करायचंय, करायचंय, डिसेंबरच्या सुट्टीत नक्की." तिसऱ्यांना वाटले मी इन्शुरन्स विकायला लागलो आहे. आणि चौथ्या, म्हणजे वयाने सगळ्यांत मोठ्या काकू, हातातली प्लेट खाली ठेवून म्हणाल्या, "अरे, बाप्पासमोर उभा आहेस, शुभ बोल रे नाऱ्या!"

काकूंचा मला राग आला नाही. पण त्याच रात्री ठरवले, की या वर्षीच्या स्मरणिकेत आपण नाऱ्याच व्हायचे. मांडवाला आग लागलेलीच आहे, मंडळी. फक्त ती आपल्या घराच्या मांडवाला लागेपर्यंत दिसत नाही, एवढेच.

आधी माझ्या घरची आग सांगतो.

आमचे अण्णा हिशेबाचे पक्के. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, गॅसचा सिलिंडर कधी लावला, कामवालीचे खाडे किती, सगळे भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेले असे. वर्ष संपले की कालनिर्णय फेकायचे नाही, गुंडाळी करून माळ्यावर ठेवायचे. असा हा माणूस २०११ साली वयाच्या ८१व्या वर्षी झोपेतच गेला. माळ्यावर एकवीस वर्षांच्या दुधाचा हिशेब सापडला. मृत्युपत्र मात्र सापडले नाही. नव्हतेच.

मागे राहिली आमची आई, गावी आईवडिलांना सांभाळणारा थोरला दादा, कोल्हापूरला दिलेली ताई आणि न्यू जर्सीत राहणारा मी. इस्टेट काही टाटा-बिर्लांची नव्हे. पुण्यात एक दोन खोल्यांचा फ्लॅट, गावाकडे थोडी जमीन, बँकेतल्या ठेवी आणि कागदी शेअर सर्टिफिकेटांचा एक गठ्ठा. तेराव्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, मला यातलं काही नको. सगळं तुझं." आत्या रडल्या. सगळ्यांना मी फार मोठ्या मनाचा वाटलो. मलाही वाटलो. चौदाव्या दिवशी मी नेवार्कचे विमान पकडले.

त्या माझ्या मोठ्या मनाची किंमत दादाने पुढची पाच वर्षे मोजली. हक्क तोंडाने सोडता येत नाही. तो सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. त्यासाठी मी स्वतः दुय्यम निबंधकासमोर उभा राहायला हवा किंवा माझे कुलमुखत्यारपत्र हवे. मी ते वकिलातीतून करून पाठवले. ते घरी पोहोचले, देवघराच्या कपाटात नीट ठेवले गेले आणि तिथेच राहिले. परदेशात केलेला असा दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो हे ना दादाला माहीत, ना मला. मुदत गेली, दुसरे कुलमुखत्यारपत्र करावे लागले. त्यात सहा महिने गेले.

ठेवींची तऱ्हा वेगळीच. १९८८ साली, मी अमेरिकेला येण्याच्या आदल्या वर्षी, अण्णा बँकेत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर मी होतो. म्हणून नॉमिनी म्हणून माझे नाव लागले. त्यामागे दुसरा काहीही विचार नव्हता. त्यानंतर ठेवी तेवीस वर्षे नूतनीकरण होत राहिल्या, नाव तेच राहिले. अण्णा गेल्यावर गावातल्या एका सुज्ञ गृहस्थांनी दादाला सांगितले, "नॉमिनी अमेरिकावाला आहे ना? मग गेलं सगळं त्याच्याकडे." दादा मला काही बोलला नाही. पण दर रविवारी सकाळी येणारा त्याचा फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला, मग महिन्याने. आणि मी बँकेत जाऊन उभा राहिलो तेव्हा कळले, की मी तो माणूसच नाही! बँकेच्या कागदावर माझ्या नावात अण्णांचे नाव मध्ये आहे; अमेरिकन पासपोर्टवर ते नाही. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र स्वतःच्या वडिलांच्या संदर्भात करावे लागले, तेव्हा काय वाटले ते लिहीत नाही.

शेअर्ससाठी कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र लागले. अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तारखा. हे सगळे चालू असताना २०१५ साली आई गेली. पुण्याचा फ्लॅट तोवर चौघांच्याच नावाने अडकलेला. आता त्यातल्या आईच्या चौथ्या हिश्शाची पुन्हा वाटणी, पुन्हा मृत्यूचा दाखला, पुन्हा वारसांची यादी, पुन्हा माझे कागद. कारण आईचेही मृत्युपत्र नव्हते! अण्णांच्या अनुभवाने पोळल्यावरही आम्हा तिघांपैकी एकानेही आईला विचारले नव्हते. का? तर बरे दिसत नाही. शेवटच्या भेटीत मी तिच्या उशाशी तीन आठवडे होतो. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिच्या पाटल्या कोणाला द्यायच्या हेसुद्धा विचारले नाही.

पण खरी खंत याहून वेगळी आहे. जमिनीचे हक्कसोडपत्र झाले त्या दिवशी दस्त लिहिणाऱ्याने न विचारता ताईचे नाव सोडणाऱ्यांत घातले होते. "बहिणींची सही इथं," एवढेच तो म्हणाला. ताईने सही केली. वहिनीने तिला साडीचोळी केली. पेढे वाटले. वर्षभराने ताई मला फोनवर म्हणाली, "मी नाही म्हणाले नसते रे. पण मला कोणी विचारलंच नाही." मी गप्प बसलो. कारण विचारायला हवे होते ते मीच. अण्णा एकदा व्हरांड्यात बसल्या-बसल्या म्हणाले होते, "ताईच्या नावावर काही तरी करायला हवं." काय करायला हवे होते? किती? जमीन की ठेव? हे आता या जगात कोणालाही कळणार नाही.

आणि दादाचे काय? अण्णांचे शेवटचे दीड वर्ष अंथरुणावर गेले. त्यांना आंघोळ घालणे, कूस बदलणे, रात्री तीनदा उठणे हे दादा-वहिनींनी केले. मी डॉलर पाठवले. मृत्युपत्र नसेल तर कायदा काय बघतो? मुलगा, मुलगा, मुलगी, विधवा. चार समान हिस्से. रात्री कोण उठले हे कायदा बघत नाही. ते त्याचे कामही नाही. ते बघायचे काम अण्णांचे होते, आणि अण्णांनी ते केले नाही. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो. एकदा एका तारखेनंतर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सही करायला येता. आम्ही इथंच असतो." या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

असो. आता माझ्या घराबाहेर येतो, कारण हे रडगाणे एकट्याचे नाही. ‘आमच्याकडे तसं काही होणार नाही’ म्हणणाऱ्यांचे चार मुद्दे मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा: "कायदा आहेच की. बायकोला आपोआप मिळतंच." कोणता कायदा, साहेब? तुमचे घर एडिसनला असेल तर न्यू जर्सीचा. नवराबायको आणि दोघांचीच मुले असतील, तर न्यू जर्सीत मृत्युपत्राशिवाय सगळे पत्नीला मिळते, हे खरे. पण हडसन ओलांडून क्वीन्सला राहायला गेलात तर न्यूयॉर्कच्या कायद्याने पत्नीला पहिले ५० हजार डॉलर आणि उरलेल्याचे निम्मे. बाकीचे निम्मे मुलांचे. मूल सहा वर्षांचे असेल तर त्याच्या पैशावर कोर्टाची देखरेख. म्हणजे मुलाच्या आईने मुलाच्या पैशाचा हिशेब कोर्टाला द्यायचा. आणि मूलबाळ नसलेल्या जोडप्यातला नवरा न्यू जर्सीत गेला व त्याचे आईवडील हयात असतील, तर पत्नीला सगळे मिळत नाही. एक वाटा सासूसासऱ्यांचा निघतो. ते पुण्यात असोत की परभणीत.

आता त्याच माणसाचा एक फ्लॅट पुण्यात आहे असे समजा. स्थावर मालमत्ता ज्या देशात, त्या देशाचा कायदा तिला लागतो. तिथे १९५६ चा हिंदू वारसा कायदा येतो. त्याच्या पहिल्या वर्गात विधवा, मुलगे, मुली यांच्याबरोबर मृताची आईही समान वाटेकरी आहे. वडील मात्र नाहीत, ते दुसऱ्या वर्गात! म्हणजे माणूस एक, मरण एक आणि वारसांच्या याद्या दोन. एडिसनचे घर संपूर्ण पत्नीचे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र आजींचा हिस्सा. त्या आजीही पुढे मृत्युपत्राशिवाय गेल्या, की तो हिस्सा त्यांच्या हयात मुलामुलींत आणि नातवंडांत वाटला जाणार. चाळिशीत विधवा झालेली बाई, तिची दोन मुले, दोन दीर आणि एक नणंद, सगळे एका स्वयंपाकघराचे मालक. सगळी माणसे चांगली असली तरी फ्लॅट विकायला सहा सह्या लागतात.

दुसरा मुद्दा: "सगळीकडे नॉमिनी लावलाय हो." हा भ्रम सर्वांत घट्ट आहे, म्हणून याचे उदाहरणही तसेच घेतो. आपल्यापैकी निम्म्या घरांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकते आहे. ते १९७३ साली सुरू करणारे ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलेले होते. म्हणजे आपल्यापेक्षा ते कितीतरी शहाणे. पण मृत्युपत्रात उल्लेखलेल्या मालमत्तेखेरीज काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड होते, आणि त्यांना वेगवेगळ्या नातेवाइकांची नावे नॉमिनी म्हणून लागलेली होती. नॉमिनी हा मालक की नुसता सांभाळणारा, या प्रश्नावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० साली दुसऱ्या एका प्रकरणात, जिथे पतीच्या शेअर्सना पुतण्या नॉमिनी होता, पत्नीऐवजी नॉमिनीच्या बाजूने निकाल दिलेला होता. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मत बाजूला सारले आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनीच्या हाती मालमत्ता येते ती वारसांच्या वतीने. नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. दहा वर्षे लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना मुहूर्त सांगणाऱ्या घराला जे चुकवता आले नाही, ते तुम्हाआम्हाला बँकेच्या एका रकान्याने चुकवता येईल?

आणि गंमत अशी, की इथे अमेरिकेत नेमके उलटे आहे! तुमच्या ४०१(के) वर आणि कंपनीच्या आयुर्विम्यावर बेनिफिशियरी म्हणून जे नाव आहे, त्यालाच पैसे जातात. विलमध्ये काहीही लिहा. वॉशिंग्टन राज्यातल्या बोइंग कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा १९९४ साली घटस्फोट झाला आणि थोड्याच महिन्यांत अपघाताने तो गेला. मृत्युपत्र नव्हते आणि कंपनीच्या कागदावर आधीच्या बायकोचे नाव तसेच राहिले होते. राज्याचा कायदा म्हणत होता की घटस्फोटानंतर ते नाव रद्द समजा. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एगेलहॉफ खटल्यात निकाल दिला, की इथे राज्याचा कायदा चालत नाही, संघराज्याचा कायदा चालतो, कागदावर नाव आहे तिलाच पैसे. पहिल्या लग्नाची मुले बघत राहिली. तेव्हा भारतातला नॉमिनी आणि इथला बेनिफिशियरी हे दोन वेगळे प्राणी आहेत हे आजच फ्रिजवर लिहून ठेवा. आणि १९९९ साली पहिली नोकरी धरताना, लग्नाआधी, तुम्ही कोणाचे नाव घातले होते ते उघडून बघा. बऱ्याच जणांचे तिथे आईचे नाव निघेल. आई आता हयात आहे का, हेही बघा.

तिसरा मुद्दा: "आमच्या घरात असले वाद होत नाहीत. आमचं एकमेकांवर प्रेम आहे." आमचेही होते, आजही आहे. म्हणूनच पाच वर्षांनी का होईना, २०१६ मध्ये फ्लॅट विकला गेला आणि आम्ही तिघे एका ताटात जेवलो. पण प्रेम आहे म्हणून कागद नको, हे तर्कशास्त्र मला कळत नाही. प्रेम असते तिथेच भिडस्तपणा असतो, आणि भिडेपोटी ताईसारखी माणसे सही करून मोकळी होतात. ज्या घरात भांडायचेच आहे ती माणसे वकील करतातच. मृत्युपत्राची खरी गरज न भांडणाऱ्या घरांना आहे.

त्यातही बायकांना अधिक. महाराष्ट्राने १९९४ साली आणि मग देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही मिटवली. पण बाईच्या स्वतःच्या मालमत्तेचे काय होते हे किती जणींना माहीत आहे? हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर आधी मुले आणि पती. ती निपुत्रिक विधवा असेल तर तिने स्वतः कमावलेले आधी जाते पतीच्या वारसांकडे. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर! २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, पैसा साठवला आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता गेली. तिचा पैसा कोणाला मिळाला? ज्यांनी हाकलले त्या सासरच्या वारसांना. न्यायालय म्हणाले, सहानुभूती आहे, पण कायदा हा असा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवा असे आवाहन केले. आणि आपल्या मंडळातल्या डॉक्टर, इंजिनियर, अकाउंटंट भगिनी, ज्यांच्या नावावर हिंजवडीत फ्लॅट आहेत, त्या म्हणतात, "ते सगळं हेच बघतात."

चौथा मुद्दा काकूंचा. "अभद्र आहे, आपल्या संस्कृतीत नाही." काकू, तुमचे अर्धे बरोबर आहे. जुन्या धर्मशास्त्रात आजच्या अर्थाने मृत्युपत्र नव्हतेच. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी स्वतंत्र कायदा इंग्रजांनी १८७० साली केला. पण वाटणीचा विचार अभद्र? आपल्या शेजारच्या कल्याणीत, चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी मिताक्षरा लिहिली, तिच्यात दायविभागाचे भले मोठे प्रकरण आहे. बापाने जिवंतपणी काय वाटावे, मुलांना किती, बायकोला किती, याचा कीस पाडलेला आहे. या ग्रंथावर आपले पणजोबा कोर्टात भांडले. तेव्हा वाटणीचा उच्चार संस्कृतीत नव्हता असे नाही. आपण तो विसरलो, आणि त्या विसरण्याला मांगल्य म्हणू लागलो.

आणि हे फक्त आपलेच नाही, हेही कबूल करतो. अब्राहम लिंकन स्वतः वकील होते, तेही १८६५ साली मृत्युपत्राशिवाय गेले. धीरूभाई अंबानी २००२ साली तसेच गेले आणि पुढची तीन वर्षे दोन भावांचे काय चालले ते सगळ्या देशाने वर्तमानपत्रात वाचले. गायक प्रिन्स २०१६ साली गेला. त्याच्या इस्टेटीचा निकाल लागायला सहा वर्षे लागली. पैसा, शिक्षण, वकिली यांतले काहीही या आळसावर औषध नाही. बसून सही करणे हे एकच औषध.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती आपल्यातल्या तरुण जोडप्यांची. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेली, दोन लहान मुले, दोघांचे सगळे नातेवाईक भारतात. घर दोघांच्या नावावर आहे, ४०१(के) ला एकमेकांची नावे आहेत, म्हणून ती निर्धास्त आहेत. पण दोघे एकाच गाडीत असतात ना? न्यू जर्सी टर्नपाइकवर रोज असतात. दोघांना एकदम काही झाले तर मुले कोणाकडे राहतील हे सांगण्याची जागा म्हणजे विल. तिथे नाव नसेल तर ते कोर्ट ठरवते, तुम्हाला न ओळखणारा न्यायाधीश ठरवतो. मामा कांदिवलीला, आजी नाशिकला, व्हिसा नाही, आणि मुले तोवर कुठे? ज्या आईबापांनी मुलांच्या मराठी शाळेसाठी, कुमॉनसाठी, भरतनाट्यमसाठी दर शनिवार-रविवार गाडी पळवली, त्यांनी ही एक ओळ लिहिलेली नसावी? हे मला अभद्र वाटते, काकू.

आता आपली, म्हणजे साठी ओलांडलेल्यांची गोष्ट. आपल्यातल्या कित्येकांचे भारतात काही ना काही आहे. ते आपल्यानंतर कोण बघणार? माझी मुलगी इथे जन्मली. मराठी छान बोलते, वाचत नाही. ‘सातबारा’ म्हटले तर तिला तो एरिया कोड वाटेल. वारस नोंद, फेरफार, हक्कसोडपत्र, हाउसिंग सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट हे तिने कोणाला विचारून करायचे? दादा आता सत्तरीच्या पुढे आहे. परिणाम काय होतो ते रिझर्व्ह बँकेचे आकडे सांगतात. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा कराव्या लागतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८ हजार कोटींहून अधिक रुपये होते. त्यात कोणाकोणाच्या अण्णांचे किती, कोणास ठाऊक!

करायचे तरी काय? थोडक्यात सांगतो, बाकी वकिलाला विचारा, मी वकील नाही. भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळे आणि अमेरिकेतल्या मालमत्तेसाठी वेगळे मृत्युपत्र करावे, आणि ‘पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे छापील वाक्य एकाने दुसऱ्याला मारणार नाही याची काळजी घ्यावी. भारतात मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. सही आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. एक्झिक्युटर आपल्यापेक्षा तरुण निवडा. गोव्याच्या मंडळींनी लक्षात ठेवावे, की तिथल्या कायद्यात मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, सगळे मनासारखे वाटता येत नाही. शेतजमीन आपल्याला वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. भारतात वारसा कर १९८५ पासून नाही, पण तिकडून एका वर्षात एक लाख डॉलरहून जास्त वारसा मिळाला तर इथे आयआरएसला फॉर्म ३५२० भरून कळवावे लागते. कर नाही म्हणून कळवायचे नाही, असे नाही. आणि भारतातल्या आपल्या आईवडिलांशी बोला. "तुमचं काय आहे" असे विचारू नका. "तुमच्या मनात काय आहे" असे विचारा. शक्यतो ताई समोर असताना.

आणि एक विनंती मंडळाला. आपण दर वर्षी नाटक आणतो, गायक आणतो, ढोल-ताशे वाजवतो. झालेच पाहिजे. पण संक्रांतीच्या कार्यक्रमाला जोडून एक दुपार या विषयाला द्या. एक इथला वकील, एक भारतातला, एक नोटरी, आणि साक्षीदार म्हणून आपणच एकमेकांचे. तिळगूळ खा, गोड बोला आणि सही करा.

माझे आणि हिचे विल २०१७ साली झाले. खर्च भारताच्या एका तिकिटाहून कमी आला. पुण्यातल्या वकिलाकडे भारतातले वेगळे आहे, त्याची प्रत इथे आहे. दिवाणखान्यातल्या कपाटात खालच्या खणात निळी फाइल आहे. सगळे इंग्रजीत आणि पहिल्या पानावर फोन नंबर. मुलगी आणि मुलगा दोघांनाही बसवून वाचून दाखवले. मुलगी थोडी रडली, मग म्हणाली, "थँक यू, बाबा." ताईच्या नावाने मी त्यात एक ओळ घातली आहे. अण्णांना काय लिहायचे होते ते मला माहीत नाही. मला जे योग्य वाटले ते मी लिहिले.

या गणपतीला मी पुन्हा महाप्रसादाच्या रांगेत असणार आहे. तोच प्रश्न विचारणार आहे. काकू, तुमच्यापासून सुरुवात.